ॲनिव्हर्सरी एडिशन मागवताना क्रम चुकू देऊ नका: खानदेशातल्या संग्राहकांसाठी टप्प्याटप्प्याने

जळगाव, भुसावळ, धुळे आणि शहादा मिळून आम्ही नऊ-दहा जण जुन्या पॉप ग्रुपचे अल्बम जमवतो. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अल्बमला चाळीस किंवा पन्नास वर्षं होतात, कंपनी तोच अल्बम नव्या रूपात काढते आणि आमच्यातल्या दोघा-तिघांचे पैसे वाया जातात. एकाने ब्लू-रे असलेला बॉक्स घेतला, घरात ब्लू-रे वाजवणारं यंत्रच नाही. एकाने मे महिन्यात एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मागवली, ती भाजलेल्या पापडासारखी कडेने उठलेली आली. एकाने चांगली एलपी खराब म्हणून परत केली. थंडीत भरीत-पार्टीला शेतात जमलो की कळण्याच्या भाकरीबरोबर हाच वाद रंगतो, आणि तासाभराने लक्षात येतं की दोघं ज्यावर भांडताहेत त्या तबकड्याच वेगळ्या आहेत.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी क्रम आहे. आधी रंगीत तबकडीचा फोटो आवडतो, लगेच ऑर्डर जाते, आणि बाकीचे प्रश्न पार्सल घरी आल्यावर पडतात. खालचा क्रम पाळला तर यातल्या बहुतेक चुका टळतात. उदाहरणं ॲबा आणि बीटल्सची घेतली आहेत, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणं याच दोघांवरून होतात.

## तयारी: वहीचं एक पान

ऑर्डरचं पान उघडण्याआधी वहीचं पान उघडा आणि चार गोष्टी लिहून काढा. घरात कोणती यंत्रं चालू अवस्थेत आहेत? हा अल्बम आधीपासून कोणत्या रूपात आहे? नव्या एडिशनमधून नेमकं काय हवंय? पोस्टेज आणि कर धरून किती पैसे घालायची तयारी आहे?

तिसऱ्या प्रश्नाला लोक हमखास बगल देतात, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. कुणाला आवाज सुधारलेला हवा असतो, कुणाला आधी न ऐकलेले टेक (त्याच गाण्याची रेकॉर्डिंगच्या वेळची वेगळी आवर्तनं), कुणाला जाडजूड पुस्तिका आणि फोटो, तर कुणाला ती वस्तू फक्त संग्रहात असावी असं वाटतं. चारही इच्छा रास्त आहेत, पण प्रत्येकीसाठी वेगळी एडिशन घ्यावी लागते. मनात फोटोंची पुस्तिका आणि हातात फक्त आवाजासाठी काढलेली एलपी, असं झालं की माणूस कंपनीला दोष देत बसतो.

तपासा: तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर आज ऑर्डर करू नका.

## टप्पा 1: घरातली यंत्रं तपासा

रेकॉर्ड प्लेअरपासून सुरुवात करा. सूटकेससारखा, स्पीकर आतच बसवलेला स्वस्त प्लेअर असेल तर त्याची पिन तबकडीवर बराच भार टाकते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (पिन बसवलेल्या भागाला) साधारण दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. या सूटकेस प्लेअरमध्ये तो भार याच्या दुपटीवर जाऊ शकतो. अशा प्लेअरवर महागडी हाफ-स्पीड एलपी (हा शब्द टप्पा 2 मध्ये समजावला आहे) लावण्यात पैसा वाया जातोच, शिवाय तबकडीही झिजते. त्यापेक्षा त्याच अल्बमची सीडी घ्या आणि उरलेले पैसे बऱ्या प्लेअरसाठी बाजूला ठेवा.

पिनचा भार मोजायला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो एकदाच घेऊन ठेवा. जळगावात सोनाराचा काटा घरोघरी नाही तरी ओळखीत असतोच, म्हणून बरेच जण तो वापरून बघतात. त्याची ताटली तबकडीच्या पातळीपेक्षा उंच असते आणि लोखंडी असली तर कार्ट्रिजमधलं चुंबक ती खेचून घेतं. आकडा चुकीचा येतो.

मग वेगाचं बटण बघा. 33 आणि 45, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, हे दोन्ही वेग नीट चालतात का? आजकालच्या बऱ्याच ॲनिव्हर्सरी एलपी बारा इंची असूनही 45 वर फिरवायच्या असतात. ॲबाच्या 1976 च्या ‘ॲरायव्हल’ची 2016 साली चाळिशीनिमित्त निघालेली हाफ-स्पीड एडिशन अशीच आहे: दोन तबकड्या, वेग 45. धुळ्याच्या आमच्या मित्राने ती 33 वर लावली. ॲबाच्या गायिका ॲग्नेथा आणि फ्रिडा यांचे आवाज पुरुषासारखे जड यायला लागले, गाणं चिखलातून चालल्यासारखं सरकायला लागलं, आणि त्याने तबकडी खराब म्हणून परतीची मागणी टाकली. मी फोनवर विचारलं, “लेबलावर काय लिहिलंय?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “आते काय करानं भो?” (आता काय करायचं भाऊ?) परतीची मागणी रद्द केली आणि ती एलपी आजही त्याच्याकडे उत्तम वाजते.

ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ नावाची जागा आहे का तेही पाहा. प्लेअरमध्येच प्रीॲम्प (पिनकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) असेल तर वायर ‘लाइन’मध्ये जाते, नसेल तर ‘फोनो’मध्ये. प्रीॲम्प चालू ठेवून वायर ‘फोनो’त घातली तर आवाज फाटतो. प्रीॲम्प नसताना ‘लाइन’मध्ये घातली तर आवाज मुंगीएवढा येतो. दोन्ही वेळा शिव्या तबकडीला बसतात.

सीडीचं वेगळंच. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, नव्या गाड्यांमधून सीडी प्लेअर गेलाय. बाहेरून यूएसबीने जोडायचा डीव्हीडी रायटर असला तरी काम भागतं.

बॉक्समध्ये ब्लू-रे असेल तर ती साध्या डीव्हीडी प्लेअरवर वाजत नाही, आणि तिच्यावरचा चहूबाजूंनी ऐकू येणारा ॲटमॉस किंवा सराउंड मिक्स ऐकायला तसा रिसीव्हर आणि स्पीकरही लागतात. मैफलीची डीव्हीडी सोबत असेल तर रीजन कोड, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो आकडा, पाहा. भारत डीव्हीडीसाठी रीजन 5 मध्ये येतो.

कॅसेटही पुन्हा निघू लागल्या आहेत. माळ्यावरचा डेक काढण्याआधी त्याचं मागचं झाकण उघडून रबरी बेल्ट बघा. आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षं पडलेला बेल्ट डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला असतो. तो बदलल्याशिवाय नवी कॅसेट आत घालू नका, टेप गुंडाळली जाईल. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबरी रोलरला मात्र ते लावू नका.

## टप्पा 2: कव्हरवरचे शब्द नीट वाचा

आमच्या वादांपैकी निम्मे वाद फक्त शब्दांच्या घोळातून उभे राहतात, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

रिमास्टर म्हणजे तयार मिक्स (गळे आणि वाद्यं एकत्र जुळवलेलं रेकॉर्डिंग) आहे तोच ठेवून त्याच्या आवाजाची पातळी, खर्ज-उंच स्वरांचा तोल आणि टेपवरचे दोष नीट करणं. गायिका जिथे उभी होती तिथेच उभी राहते. रीमिक्स म्हणजे मूळ वेगवेगळ्या ट्रॅकपर्यंत मागे जाऊन ड्रम, बेस, गळे नव्याने मांडणं. इथे गाणं खरोखर बदलतं. बीटल्सचे 2009 साली निघालेले अल्बम रिमास्टर होते. 2017 साली ‘सार्जंट पेपर’च्या पन्नाशीला निघाला तो संगीतनिर्माता जाइल्स मार्टिनचा नवा स्टिरिओ रीमिक्स. दोन्ही तबकड्यांवर गाणी तीच, नावं तीच, आणि “जुना आवाज चांगला की नवा” या भांडणात एक जण रिमास्टरबद्दल बोलत असतो, दुसरा रीमिक्सबद्दल. आधी ते ठरवा, मग भांडा.

हाफ-स्पीड म्हणजे तबकडीचा साचा कोरताना यंत्र आणि ध्वनी दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. कोरणाऱ्या सुईला बारीक, उंच स्वर उमटवायला दुप्पट वेळ मिळतो, म्हणून झांजा आणि ‘स’, ‘श’सारखे उच्चार स्वच्छ येतात. ॲबाचे हाफ-स्पीड कट लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तिथले ध्वनी-अभियंते माइल्स शोवेल यांनी केले आहेत. मात्र हाफ-स्पीड लिहिलंय म्हणून सगळं काम टेपवरूनच झालं असेल असं धरून चालू नका. ही फक्त कोरण्याची पद्धत आहे. स्रोत डिजिटल फाइलही असू शकतो. तुम्हाला निव्वळ ॲनालॉगच, म्हणजे मध्ये डिजिटल टप्पा नसलेलं, हवं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं शोधा.

आणि 180 ग्रॅम? ते तबकडीचं वजन आहे. साधी एलपी साधारण 140 ग्रॅमची असते. जड तबकडी हाताला छान लागते, सपाट राहायला थोडी मदतही होते, पण खाचेत काय कोरलंय ते वजनाने बदलत नाही. केवळ 180 वाचून जादा पैसे मोजणारे मी खूप पाहिलेत.

रंगीत तबकडीला माझी हरकत नाही, नीट दाबलेली असली की ती काळ्यासारखीच वाजते. पिक्चर डिस्क, म्हणजे आत चित्र असलेली तबकडी, मात्र ऐकण्यासाठी घेऊ नका. चित्रावर प्लास्टिकचा पातळ थर देऊन ती बनते आणि पार्श्वभूमीला खरखर राहते. भिंतीवर लावायची असेल तर खुशाल घ्या.

वेळेचाही हिशेब करा. ‘ॲरायव्हल’ जेमतेम तेहतीस मिनिटांचा आहे. एका एलपीवर बाजूला सोळा-सतरा मिनिटं पडतात. 45 च्या दोन एलपीत बाजूला आठेक मिनिटं, म्हणजे संपूर्ण अल्बम ऐकायला चार बाजू लावाव्या लागतात. आवाजाला खाच रुंद मिळते हे खरं, पण स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्याला ही एडिशन नकोशी होईल. माझ्या आईला झाली. ती सीडीच लावते.

सावधान: एलपीची एडिशन आणि मोठा बॉक्स यांत एकच सामग्री असते असं समजू नका. ‘सार्जंट पेपर’च्या 2017 च्या मोठ्या बॉक्समध्ये चार सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे आहेत, आणि मूळ मोनो (डावं-उजवं वेगळं न करता एकच आवाज असलेला) मिक्सही आहे. दोन एलपीच्या एडिशनमध्ये नवा रीमिक्स आणि त्याच गाण्यांचे आधीचे टेक आहेत, मोनो मिक्स नाही. मोनोसाठी म्हणून ती एलपी घेतलेला माणूस आमच्या गटातच आहे.

## टप्पा 3: नंबरावरून तबकडी पक्की करा

आता नाव सोडा, नंबर धरा. प्रत्येक एडिशनला कॅटलॉग नंबर असतो. तो कव्हरच्या पाठीवर, कण्यावर आणि लेबलावर छापलेला असतो. शिवाय बारकोड. डिस्कॉग्जसारख्या तबकड्यांच्या ऑनलाइन सूचीवर हा नंबर टाकला की किती तबकड्या, कोणता वेग, कोणत्या देशात दाबलेली, हे कळतं. विक्रेत्याच्या पानावर फोटो एका एडिशनचा आणि वर्णन दुसऱ्याचं असतं, हे नेहमीचं. म्हणून विक्रेत्याला लिहून विचारा, “बारकोडचे शेवटचे पाच आकडे सांगा.” मराठीत विचारलं तरी चालतं, आकडा आला म्हणजे झालं.

जुनी, वापरलेली प्रत घेताना आणखी एक पायरी. गाणी संपल्यानंतर लेबलापर्यंतच्या मोकळ्या पट्टीवर अक्षरं कोरलेली असतात, तिला रनआऊट म्हणतात. टॉर्च तिरकी धरून त्याचा फोटो मागवा. कव्हर एका प्रतीचं आणि आत तबकडी दुसऱ्याच प्रतीची, असा प्रकार मुंबईच्या चोर बाजारापासून गल्लीतल्या भंगारवाल्यापर्यंत कुठेही होतो, आणि तो नेहमी फसवणुकीनेच होतो असं नाही. घरातल्या घरात चार हात फिरलं की अदलाबदल होते.

नकली माल ओळखायच्या खुणा थोड्या सांगतो. कारखान्यात दाबलेल्या सीडीची खालची बाजू चंदेरी असते आणि मधल्या कड्यावर बारीक कोड असतो. निळसर किंवा हिरवट झाक दिसली तर ती बहुधा घरी रेकॉर्ड केलेली सीडी-आर. एलपीत ‘रेडिओ ब्रॉडकास्ट’ असं लिहिलेल्या लाइव्ह एडिशनपासून जपून राहा. त्या ग्रुपच्या अधिकृत कंपनीच्या नसतात, आवाजही जेमतेम असतो, आणि कव्हर बघून ॲनिव्हर्सरी एडिशन असल्यासारखं वाटतं. अधिकृत कंपनीचं नाव आणि हक्काची ओळ कव्हरच्या पाठीवर वाचा.

## टप्पा 4: पैसे, परदेशी दुकान आणि कस्टम

भारतात मिळत असेल तर भारतातूनच घ्या, थोडी महाग पडली तरी. परत करणं सोपं जातं, आणि आपल्या हवेत परत करायची वेळ येते.

परदेशातूनच घ्यायची असेल तर हिशेब असा करा. समजा तबकडी 30 पौंडांची आणि पोस्टेज 15 पौंड. सीमाशुल्क नुसत्या 30 वर लागत नाही, त्यात पोस्टेजही धरलं जातं; जीएसटी त्यात सीमाशुल्क मिळवून लागतो. त्यावर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क असतं. दोन मित्रांनी एकत्र मागवलं तर पोस्टेज वाटलं जातं, म्हणून आम्ही तसंच करतो.

“गिफ्ट लिहा म्हणजे शुल्क लागत नाही” हा सल्ला अजून फिरतोय. डिसेंबर 2019 पासून ती सवलत बंद आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं यांनाच ती उरली. खोटं लिहून घेतलं तर पार्सल अडकतं आणि परत पाठवायचा खर्चही बोकांडी बसतो.

कुरिअरवाले केवायसी मागतात, म्हणजे आधार किंवा पॅन. ऑर्डरवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच ठेवा. ऑर्डर ‘बंटी’ या नावाने आणि आधारवर भलतंच नाव, अशाने आमचं एक पार्सल तीन आठवडे मुंबईत पडून होतं.

सावधान: “तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा” असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. ट्रॅकिंग नंबर कुरिअरच्या मूळ ॲपमध्ये स्वतः टाकून बघा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

प्री-ऑर्डरची वेळ चुकते तीही इथेच सांगून टाकतो. इंग्लंडमधल्या दुकानाची विक्री सकाळी दहाला सुरू होणार असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन वाजतात, कारण तिकडे घड्याळ तासभर पुढे-मागे होतं.

## टप्पा 5: महिना बघून मागवा

बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शकात हा टप्पा सापडणार नाही, आणि आपल्याला सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

एलपी पीव्हीसीची बनते. खानदेशात पीव्हीसी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. शेतात पाइपाच्या तोंडाला आग दाखवून ते नरम केलं आणि दुसरा पाइप आत सरकवला, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे की हा माल उष्णतेला किती लवकर शरण जातो. तबकडी तर दोन मिलिमीटरचीही नसते. साधारण साठ अंशांच्या आसपास ती आकार सोडू लागते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. बंद टेम्पोत किंवा पत्र्याच्या गोदामात दुपारी साठ गाठायला फारसं काही लागत नाही. तुमचं पार्सल तिथे एक दुपार उभं-आडवं कसंही पडलेलं असतं, वर इतर खोक्यांचं वजन.

म्हणून नियम साधा ठेवा. मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत एलपी मागवायची नाही. प्री-ऑर्डरची तबकडी एप्रिलमध्ये निघणार असेल तर दुकानाला लिहून ती जूनअखेरपर्यंत थांबवायला सांगा. मालाचे पूर्ण पैसे आधी भरले तर बरीच दुकानं थांबवतात. नाहीच थांबवली तर पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर मागवा आणि नंतर स्वतः आणा. सीडी आणि पुस्तिकेला हा नियम इतका कडक नाही, त्या उन्हाळ्यातही येऊ द्या. कॅसेट मात्र नको, तिचं प्लास्टिकचं कवच वाकतं.

मुंबईहून रेल्वेने आणताना रात्रीची गाडी घ्या. तबकड्या उभ्या, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, पिशवीत हाताशी. सीटखाली आडव्या सरकवू नका, कुणीतरी ट्रंक ढकलतंच. स्टेशनवर उतरल्यावर घरी पोचेपर्यंत गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेल्या एलपीची मी वाट लागलेली पाहिली आहे. सकाळचे फक्त दहा वाजले होते आणि आम्ही वाटेत चहाला वीस मिनिटं थांबलो होतो.

तपासा: ट्रॅकिंगमध्ये पार्सल दुपारी ‘डिलिव्हरीसाठी निघालं’ दिसलं तर फोन करून थेट हबवरून संध्याकाळी उचलता येतं का ते विचारा.

## टप्पा 6: पार्सल आल्यावर पहिले काही तास

घाई करू नका. गरम टेम्पोतून आलेलं पार्सल न उघडता, आतल्या खोलीत, सपाट फरशीवर दोन-तीन तास राहू द्या. गरम तबकडी तशीच बाहेर काढून एका हाताने तिरकी धरली तर तेवढ्यानेही ती वाकू शकते.

मग मोबाइल उभा करा आणि न थांबवता व्हिडिओ काढा. सुरुवात पत्त्याच्या लेबलापासून. खोक्याच्या सहाही बाजू, मग टेप कापणं, मग आतलं सील, मग कव्हर. मध्ये व्हिडिओ तोडला की दुकान तक्रार फेटाळतं; एका दुकानाने माझी अशीच फेटाळली, व्हिडिओत फक्त चार सेकंदांची खोट होती.

कव्हरच्या कडा आणि कोपरे बघा. वरची किंवा खालची शिवण आतून फाटली असेल तर वाहतुकीत तबकडीनेच ती कापलेली असते. सीलवरचा स्टिकर फेकू नका, प्लास्टिकसकट कापून कव्हरच्या आत ठेवा.

तबकडी फक्त कडा आणि लेबल यांना धरून बाहेर काढा. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने बघा. पूर्ण तबकडी वाटीसारखी किंचित खोल असेल तर बहुतेक वेळा ती वाजते. पण कडेचा एकच भाग लाटेसारखा उठलेला असेल तर पिन उडी मारणार. खिडकीच्या उजेडात पृष्ठभाग तिरका करा: केसासारखे पुसट ओरखडे कागदी पाकिटाने येतात, ते ऐकू येत नाहीत, नखाला लागणारा ओरखडा ऐकू येतोच. मग तबकड्यांची संख्या मोजा, प्रत्येक बाजूचं लेबल वाचा. दोन्ही तबकड्यांना ‘ए’ आणि ‘बी’च लेबल, ‘सी’-‘डी’ गायब, असंही होतं.

वाकलेली तबकडी घरी सरळ करायला जाऊ नका. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा उपाय आमच्याकडे दोघांनी केला. तबकडी सपाट झाली आणि खाचाही सपाट झाल्या. आधी परतीची मागणी, फोटोसह, त्याच दिवशी.

## टप्पा 7: पहिली धुलाई, पहिली वाजवणी

नवी तबकडी स्वच्छच असते, हा समज सोडा. तिच्यावर कागदाचे तंतू आणि कारखान्यातली धूळ असते. त्यात आपली काळ्या मातीची बारीक धूळ, जी बंद खिडकीतूनही आत येते. ती खाचेत बसली आणि वर पिन फिरली की सॅंडपेपरचं काम होतं.

नळाचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी क्षारांचं आहे. बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो तोच खाचेत बसेल. बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घ्या. देताना ॲसिडची बाटली हातात येणार नाही ना, एवढं लेबल वाचून खात्री करा. एक लिटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचा एकच थेंब. मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग निव्वळ डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून सावलीत वाळवा, पंख्याखाली नको, धूळ उडते.

सावधान: याच झपाट्यात आजोबांच्या जुन्या 78 च्या तबकड्या स्पिरिटने पुसायला घेऊ नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. माझ्या मावशीकडची एक भजनाची तबकडी अशीच गेली, ती पुन्हा मिळाली नाही.

पहिल्यांदा वाजवताना दोन्ही बाजू पूर्ण ऐका, परतीची मुदत संपायच्या आत. हात लांब ठेवून टोनआर्मकडे (पिन धरणाऱ्या दांड्याकडे) बघा: तो प्रत्येक फेरीत डावी-उजवीकडे झुलत असेल तर मधलं भोक केंद्रात पाडलेलं नाही, आणि लांब स्वर डुलायला लागतात. एका ठरावीक जागी झिप उघडल्यासारखा आवाज येत असेल तर खाचेत प्लास्टिक नीट भरलेलं नाही. दोन्ही कारखान्याचे दोष आहेत, धुऊन जात नाहीत. मोबाइलवर तो भाग रेकॉर्ड करून तक्रारीला जोडा.

## टप्पा 8: कोणती एडिशन चांगली, हे ठरवताना

आता वाद. तो जरूर घाला, मला तो मनापासून आवडतो. फक्त तुलना खरी असू द्या.

दोन्ही तबकड्या धुतलेल्या हव्यात. यंत्र तेच, पिन तीच. एकच गाणं, शक्यतो असं की ज्यात एकटा गळा आणि मग सगळी वाद्यं येतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, आवाजाची पातळी सारखी. कानाला किंचित मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, रिमास्टर जरा जोरात कापलेला असला की सगळे “वा!” म्हणतात. फोनवरचं आवाज मोजायचं साधं ॲप चालेल. फोन एकाच जागी ठेवून दोन्ही वेळा सरासरी आकडा जुळवून घ्या.

एक जण यंत्रापाशी, बाकीचे पाठ करून. तबकडी कोणती ते त्याने सांगायचं नाही, पाच वेळा अदलाबदल करायची, प्रत्येकाने कागदावर लिहायचं. मागच्या डिसेंबरला यावलजवळच्या शेतात आम्ही हे केलं. सात जणांतल्या पाच जणांना हाफ-स्पीड आणि साधी 33 ची एलपी ओळखता आली, पण त्यातल्या तिघांना साधीच जास्त आवडली. ती आवड त्यांची आहे, आणि आता ती कशाबद्दल आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

## टप्पा 9: ठेवणं

तबकड्या उभ्या, अंग चोरून पण दाबून नाही. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, संध्याकाळी ती हात लावता येणार नाही इतकी तापते. जुन्या घरात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, खोली असेल तर तिच्यासारखी जागा नाही. कूलरच्या समोर कपाट ठेवू नका. त्याच्या ओल्या हवेने पुस्तिकेची पानं फुगतात आणि पावसाळ्यात कव्हरवर बुरशीचे करडे ठिपके येतात. कागदी पाकीट काढून आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घाला, थंडीतल्या कोरड्या हवेत कागदाने स्थिर वीज तयार होते आणि धूळ चिकटते.

मार्च उजाडला की कपाटाचा आतला कप्पा हाताने चाचपून बघा. दुपारी तीन वाजता तो कोमट लागला, तर त्याच दिवशी तबकड्या घराच्या मधल्या खोलीत हलवा.